बाकी शून्य आली नाही तरी

मूळ संख्या कधी संपत नाहीत, हे युक्लिडने दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी सिद्ध करून ठेवलंय. त्यामुळे ‘सगळ्यात मोठी मूळ संख्या’ असं काही नसतंच. असते ती माणसाच्या हाती आजवर लागलेल्यांतली सगळ्यात मोठी. हे लिहितोय तेव्हा तो मान ज्या संख्येकडे आहे, ती सांगायला एक ओळ पुरते: २ चा १३,६२,७९,८४१ वा घात घ्या आणि त्यातून १ वजा करा. अंक मांडायला बसलात तर मात्र ते ४,१०,२४,३२० भरतात. पानाला तीन हजार अंक धरले तरी साडेतेरा हजारांवर पानं लागतील.

ही संख्या १२ ऑक्टोबर २०२४ रोजी पक्की झाली. शोधणारा ल्यूक ड्युरांट, अमेरिकेतल्या सॅन होजेचा. डब्लिनमधल्या एका ग्राफिक्स कार्डाने आधी इशारा दिला की ही बहुतेक मूळ असावी, आणि टेक्सासातल्या सॅन अँटोनियोमधल्या दुसऱ्या कार्डाने वेगळ्या रीतीने तपासून शिक्का मारला. पण ज्या कामाचा हा भाग होता ते काम जुनं आहे. जानेवारी १९९६ मध्ये जॉर्ज वोल्टमनने ‘ग्रेट इंटरनेट मर्सेन प्राइम सर्च’ सुरू केलं. सगळे त्याला गिम्प्स म्हणतात. एकेक घातांक एकेका कॉम्प्युटरला वाटून द्यायचा, २ च्या त्या घातातून १ वजा केल्यावर मूळ संख्या मिळते का, हे त्याने आपल्या रिकाम्या वेळात तपासायचं आणि निकाल परत पाठवायचा, इतकंच. प्रोग्रॅम फुकट, नाव प्राइम९५. कॉम्प्युटर कुणाचाही चालतो. २ च्या घातातून १ वजा करून मिळणाऱ्या मूळ संख्यांना मर्सेन मूळ संख्या म्हणतात. आजवर अशा ५२ माहीत आहेत, आणि त्यातल्या ३५ वीपासून पुढच्या सगळ्या याच वाटपातून आल्या.

त्या वाटपातला एक घातांक सोलापूरच्या पूर्व भागात, माझ्या डिझाईन ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरही असतो. दिवसा त्यावर चादरी आणि टॉवेलची जकार्ड डिझाईनं होतात. रात्री तो मोकळाच असतो, तेव्हा हे काम करतो. मला आजवर एकही मूळ संख्या मिळालेली नाही, आणि एका तपासणीत ती मिळण्याची शक्यता लाखात एक एवढीसुद्धा नसते. माझा कॉम्प्युटर ‘नाही’ म्हणतो. आठवडेच्या आठवडे राबून, शेवटी ‘नाही’. त्या ‘नाही’बद्दलच मला बोलायचंय, कारण त्याची किंमत फार थोड्या लोकांच्या लक्षात येते.

जकार्डवाल्याला ही संख्या कशी दिसते ते आधी सांगतो. आमच्या धंद्यात डिझाईन ग्राफवर मांडतात. एक चौकोन म्हणजे एक उभा आणि एक आडवा धागा जिथे भेटतात ती जागा. चौकोन भरला तर पुठ्ठ्याच्या कार्डात तिथे भोक पडतं, भोक असलं की हुक वर जातो आणि ताण्याचा, म्हणजे उभा, धागा उचलला जातो. भोक नसलं की धागा खालीच. आता इलेक्ट्रॉनिक जकार्डला पेनड्राइव्ह लावला की झालं, पण आत तेच चालतं: आहे किंवा नाही, १ किंवा ०. मर्सेन संख्या याच १ आणि ० च्या भाषेत लिहिली की त्यात एकही ० उरत नाही. ३१ म्हणजे पाच एक. १२७ म्हणजे सात एक. आणि ती चार कोटी अंकी संख्या म्हणजे १३,६२,७९,८४१ वेळा नुसता १. चारशे हुकांच्या जकार्डची कार्डं करायची म्हटली तर तीन लाख चाळीस हजारांवर कार्डं होतील, आणि प्रत्येकातलं प्रत्येक भोक उघडं. ताण्याचा प्रत्येक धागा वर. हे चित्र पहिल्यांदा डोक्यात आलं त्या दिवसापासून ही संख्या मला परकी वाटलेली नाही.

विक्रम मोडायला निघालेले लोक याच जातीच्या संख्यांच्या मागे का लागतात, त्याचंही कारण इथेच आहे. शाळेत आपण नऊची कसोटी शिकतो: अंकांची बेरीज करा, तिला नऊने भाग गेला तर मूळ संख्येला... नाही, इथे ‘मूळ’ शब्द नको, दिलेल्या संख्येला जातो. हे जमतं कारण ९ म्हणजे १० वजा १. तसंच ९९ ने भागायचं असेल तर दोन-दोन अंकांचे गट पाडून बेरीज करायची. ४४८७ घ्या. ४४ अधिक ८७ म्हणजे १३१, पुन्हा १ अधिक ३१ म्हणजे ३२. बाकी ३२. भागाकार केलाच नाही. कॉम्प्युटरसाठी २ चा घात वजा १ ही संख्या अगदी तशीच आहे. वरचा तुकडा कापायचा, खालच्यात मिळवायचा, बाकी तयार. कोटी कोटी अंकांचा खरा भागाकार वाचतो. हे नसतं तर माझ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरने या कामाला हातही लावला नसता.

खरी परीक्षा फ्रान्सच्या एदुआर ल्युकाची आणि अमेरिकेच्या डेरिक लेहमरची. ४ पासून सुरुवात करायची. वर्ग करायचा, २ वजा करायचे, ज्या संख्येची तपासणी चाललीय तिने भागून बाकी ठेवायची. पुन्हा वर्ग, पुन्हा वजा २, पुन्हा बाकी. घातांकापेक्षा दोन कमी इतक्या वेळा हे करायचं. शेवटी बाकी शून्य आली तर संख्या मूळ, नाही आली तर नाही. ३१ वर करून बघा, घातांक ५ म्हणून तीन पायऱ्या: ४ वरून १४. १४ वरून १९४, त्याची बाकी ८. ८ वरून ६२, आणि ३१ दुणे ६२. बाकी शून्य. पोस्टकार्डावर मावेल एवढं गणित. घातांक तेरा कोटी असला की पायऱ्याही तेरा कोटी, आणि प्रत्येक पायरीला चार कोटी अंकी संख्येचा वर्ग. रीतीत मात्र तसूभर फरक नाही.

आमच्याकडे दुपारी एक मास्तर येऊन बसतात. हाताने कार्डं पंच करण्यात त्यांची उमर गेली. घरात तेलुगू, बाहेर सोलापुरी मराठी, आणि आकड्यांच्या बाबतीत अतिशय चोख. ते एकदा म्हणाले, “काय मोजतंय की ओ हे रात्रभर?” मी ३१ चं गणित करून दाखवलं. त्यांना आवडलं, पण ते म्हणाले, हे जमलेलं दाखवलं तुम्ही, न जमणारं दाखवा. मग ११ वा घात घेतला. २०४८ वजा १, म्हणजे २०४७. घातांक ११ स्वतः मूळ आहे, तरी ही संख्या मूळ नाही. मी ते आधी बोललो नाही. मास्तरांनी ग्राफची वही पुढे ओढली, कॅल्क्युलेटर घेतला आणि नऊ पायऱ्या एकाखाली एक मांडल्या: १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, १७३६. प्रत्येक बाकी दोनदा तपासली. १८७७ चा वर्ग करताना मी सुचवलं की त्याऐवजी उणे १७० चा करा, बाकी तीच येते. ते त्यांनी ऐकलं नाही. सरळ १८७७ चाच वर्ग केला.

“सतराशे छत्तीस. शून्य नाही.”

“म्हणजे मूळ नाही, मास्तर.”

“मग भाग कशाने जातोय?”

ते ही रीत सांगत नाही, असं मी म्हणालो तेव्हा ते जरा थांबले. १७३६ या आकड्यात विभाजकाचा काहीही पत्ता नसतो. फक्त एवढंच पक्कं असतं की विभाजक कुठेतरी आहे. त्यांना ते पटेना. मग मी आणखी एक नियम सांगितला: अशा संख्येचा कुठलाही मूळ विभाजक घातांकाच्या दुपटीच्या पटीत एक मिळवून तयार होतो. म्हणजे इथे २२ च्या पटीत १. पहिलाच उमेदवार २३. मास्तरांनी भागलं. ८९. “तेवीस एकोणनव्वद दोन हजार सत्तेचाळीस,” हे त्यांनी पाढा म्हटल्यासारखं म्हटलं, आणि वहीत त्याला चौकट केली.

लहान संख्येला हे लगेच सापडतं. मोठीला नाही. मारें मर्सेन हा फ्रेंच धर्मोपदेशक, त्याने १६४४ साली एक यादी दिली होती: २ चा अमुक घात वजा १ मूळ असतो, तो कोणकोणत्या घातांकांसाठी. त्यात ६७ होता. ल्युकाने १८७६ मध्ये दाखवलं की ६७ वा घात मूळ संख्या देत नाही, पण विभाजक कोणते ते कुणालाच ठाऊक नव्हतं. सत्तावीस वर्षं जगाकडे नुसतं ‘नाही’ होतं. मग १९०३ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कला अमेरिकन गणितज्ञांच्या सभेत फ्रँक नेल्सन कोल फळ्यापाशी गेला. सांगतात ते असं, की तोंडातून शब्द न काढता त्याने एका बाजूला २ चा ६७ वा घात काढून १ वजा केला, १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. दुसऱ्या बाजूला १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७ यांचा गुणाकार हाताने केला. दोन्ही उत्तरं सारखी. तो जागेवर जाऊन बसला आणि सभेने टाळ्या वाजवल्या. हे शोधायला किती वेळ लागला, यावर त्याचं उत्तर होतं तीन वर्षांचे रविवार. मला या गोष्टीत टाळ्यांपेक्षा ते रविवार जास्त मोलाचे वाटतात. मर्सेनची ती यादी पूर्ण तपासून व्हायला १९४७ साल उजाडलं, आणि तिच्यात चुकून घेतलेले दोन आणि सुटलेले तीन निघाले.

आता गिम्प्समध्ये ‘नाही’चं काय होतं ते बघा. तपासणी संपली की माझ्याकडून सर्व्हरला जाते ती शेवटच्या बाकीची शेपूट, तिचे शेवटचे ६४ बिट, म्हणजे १ आणि ० चे ६४ आकडे. सोळा अक्षरांची एक ओळ, बस्स. महिनाभराच्या कामाचा एवढाच ऐवज. पूर्वी तोच घातांक पुढे कधीतरी दुसऱ्या माणसाच्या कॉम्प्युटरला दिला जाई, आणि त्याच्या सोळा अक्षरांशी माझी सोळा अक्षरं जुळली तरच ते ‘नाही’ कायमचं मानलं जाई. ओळख ना देख अशा दोन माणसांच्या दोन कॉम्प्युटरांनी वेगवेगळ्या वर्षी तीच बाकी काढायची. हल्ली पहिल्या फेरीला ल्युका-लेहमरऐवजी फ्रेंच गणितज्ञ फर्माच्या प्रमेयावरची चाचणी वापरतात. तिच्यात हंगेरीच्या रॉबर्ट गर्बिचने सुचवलेली एक पडताळणी आहे, ती मध्येच झालेली चूक पकडते. शिवाय क्रिश्तोफ पिएत्र्झाकच्या रीतीने कामाचा दाखलाही सोबत जातो. तो तपासायला मूळ कामाच्या एक टक्कासुद्धा वेळ लागत नाही. दुसऱ्यांदा तेवढंच राबण्याची गरज २०२० नंतर जवळपास उरली नाही. हा बदल मला मोठ्या विक्रमापेक्षाही महत्त्वाचा वाटतो. त्याने जगभरच्या कॉम्प्युटरांचं अर्धं काम वाचवलं आणि विश्वास मात्र वाढवला.

आणि या ‘नाहीं’शिवाय ‘हो’लाही नीट जागा मिळत नाही. २ चा ५,७८,८५,१६१ वा घात वजा १ ही संख्या अमेरिकेतल्या कर्टिस कूपरला जानेवारी २०१३ मध्ये सापडली. पण ती क्रमाने ४८ वी आहे असं छातीठोकपणे म्हणता आलं ते २०२१ साली, कारण तिच्या खालचा प्रत्येक घातांक दोनदा तपासून ‘नाही’ ठरेपर्यंत मध्ये एखादी लपलेली नाही याची खात्री देता येत नव्हती. आठ वर्षं कुणीकुणी ते काम करत राहिलं. त्यांची नावं बातमीत येत नाहीत, आली पाहिजेत असं मला फार वाटतं.

याच कूपरच्या कॉम्प्युटरची आणखी एक हकीकत आहे. १७ सप्टेंबर २०१५ ला त्याने पुढची मर्सेन मूळ संख्या सर्व्हरला कळवली, २ चा ७,४२,०७,२८१ वा घात वजा १. तिची खबर देणारा ईमेल काही गडबडीने गेलाच नाही. २ कोटी २३ लाख अंकी संख्या, त्या वेळची जगातली सगळ्यात मोठी, साडेतीन महिने नोंदीत पडून राहिली. ७ जानेवारी २०१६ ला नेहमीची देखभाल करताना कुणाच्या तरी ध्यानात आलं. आपल्याकडे तेव्हा होम मैदानावर गड्ड्याच्या यात्रेची तयारी चालू असणार. शोधाची अधिकृत तारीख म्हणून ७ जानेवारीच धरतात, माणसाच्या नजरेला पडली ती. मला हा निर्णय योग्य वाटतो.

“उपयोग काय याचा?” हा प्रश्न मला धाग्याच्या व्यापाऱ्यापासून बँकेतल्या साहेबापर्यंत सगळे विचारतात. बँकेचे व्यवहार मूळ संख्यांवर सुरक्षित राहतात म्हणून हे शोधतात, असं पुष्कळ ठिकाणी छापून येतं. ते खरं नाही. तिथे शेकड्यांत अंक असलेल्या संख्या पुरतात, आणि त्या गुप्त असाव्या लागतात. चार कोटी अंकी आणि सगळ्या जगाला माहीत असलेली संख्या त्या कामाची नाही. आडून झालेले फायदे आहेत. प्राइम९५ प्रोसेसरला इतकं पिळून काढतो की नवा कॉम्प्युटर धड आहे का हे बघायला लोक तोच चालवतात. २०१६ च्या सुरुवातीला इंटेलच्या स्कायलेक प्रोसेसरमधला दोष याच प्रोग्रॅममुळे उघड झाला होता. पण मी त्यासाठी करत नाही. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी ६१७४ चा गुण शोधला तो कशाच्या उपयोगासाठी? संख्येबद्दल एक खरी गोष्ट आधी कुणालाच माहीत नव्हती, आता माहीत झाली. विद्यापीठात नसलेल्या माणसाचं कामही ज्यात कायमचं जमा होतं, अशा जागा जगात फार नाहीत. ही एक आहे.

खर्चाबद्दल मात्र स्पष्ट बोललं पाहिजे. कॉम्प्युटर पूर्ण ताणावर दीडशे वॅट खात असेल तर चोवीस तासांत साडेतीन युनिटांच्या वर जातात. ही वीज फुकट नाही, आणि तिच्यामागे कुठेतरी कोळसा जळतो. त्यात आपलं गाव सोलापूर. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ च्या पुढे जातो तेव्हा खोलीतला एक पंखा त्या डब्याकडेच तोंड करून ठेवावा लागतो. आसपास लूम आहेत, हवेत कापसाचे तंतू उडत असतात. उघडून बघाल तर प्रोसेसरच्या पंख्यामागे पत्र्यांच्या फटींत त्या तंतूंचा करडा थर बसलेला असतो, नमद्यासारखा दाबलेला, आणि ब्लोअर मारला तरी निघत नाही. चिमट्याने धरून ओढला की अख्खी चकती एका तुकड्यात हाताशी येते. ती निघाली की प्रोसेसरचं तापमान लगेच खाली येतं. न काढता चालवत राहिलं तर प्रोग्रॅम हार्डवेअरची चूक झाली म्हणून सांगतो आणि मागच्या तपासलेल्या टप्प्यावरून पुन्हा सुरू होतो. लाईट गेली तरी तसंच, ठरावीक वेळाने काम डिस्कवर उतरवलेलं असतं म्हणून फारसं बुडत नाही. उन्हाळ्यात मी मोठे घातांक घेतच नाही. दिवाळी ते शिवरात्र हा माझा हंगाम.

दुसरी चिंता वेगळी आहे. डिसेंबर २०१७ मध्ये पन्नासावी मर्सेन मूळ संख्या मिळाली ती जोनाथन पेसला, टेनेसीतल्या फेडेक्सच्या नोकरदाराला, चौदा वर्षांच्या शोधानंतर. २०१८ ची पॅट्रिक लारोशची, तीही साध्या कॉम्प्युटरवर. २०२४ ची मात्र सतरा देशांतल्या डेटासेंटरांत पसरलेल्या हजारो ग्राफिक्स कार्डांमुळे आली. अठ्ठावीस वर्षं घरगुती कॉम्प्युटरांनी चालवलेलं हे काम आता पैसेवाल्यांच्या हाती जाणार का? पहिलेपणाचा मान बहुधा जाईल. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनचं दीड लाख डॉलरचं बक्षीस दहा कोटी अंकी मूळ संख्येसाठी अजून तसंच आहे, ते माझ्यासारख्याला मिळेल असं मी धरून चालत नाही. पण दाखले तपासणं, लहान घातांकांचे विभाजक शोधणं, जुन्या निकालांची फेरतपासणी, हे सगळं अजून घरच्या कॉम्प्युटरला दिलं जातं आणि ते कुणीतरी करायलाच हवं. यंदाच्या हिवाळ्यात मी त्याकडेच वळायचं ठरवलंय. नव्या घातांकाच्या पहिल्या तपासणीत लॉटरीची आस असते. फेरतपासणीत तीही नाही, पण खालचा हिशेब तिनेच बंद होतो.

मास्तरांचा नातू इंजिनिअरिंगला आहे. आजोबांनी वहीतली ती चौकट दाखवली, म्हणून तो गेल्या आठवड्यात लॅपटॉप घेऊन ऑफिसात आला, आजच बसवून द्या म्हणाला. मी म्हटलं, लॅपटॉपवर नको, रात्रंदिवस तापून खराब होईल. तुझ्या खोलीतल्या त्या जुन्या डेस्कटॉपचा पंखा आधी साफ कर आणि ये.